९७ अंश आणि २१ वॅट : तापणाऱ्या लॅपटॉपचं निदान

तुझा प्रश्न थोडक्यात असा. अकोल्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस. लॅपटॉप चार वर्षांचा, त्यात इंटेलचा आय-५ ११४००एच प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक कार्ड. प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर उघडला की फॅन जोरात फिरायला लागतो, प्रोसेसर ९७ अंशांवर जातो, मग माऊससुद्धा अडखळत सरकतो. गेल्या आठवड्यात दोनदा लॅपटॉप आपोआप बंद पडला. शहरातल्या एका दुकानात सांगितलं की प्रोसेसर गेलाय, मदरबोर्ड बदला, १८ हजार लागतील. बाबा म्हणतात, विकून टाक. आणि तू विचारतेस : कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा) घेऊ, पेस्ट (प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप) बदलू, की खरंच विकू?

मला दादा म्हटलं आहेस, तेव्हा मीही एकेरीवरच बोलतो. इचलकरंजीत गेली १९ वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करतोय. तुझ्याकडे १८ हजार मागितले हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येच या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तू ९७ अंशांभोवती लाल गोल काढला आहेस. त्याच्या खाली काही ओळी सोडून 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे प्रोसेसर किती वीज घेतोय, असं लिहिलंय, आणि त्यासमोर आकडा आहे २१ वॅट. त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे.

आधी ९७ चा अर्थ. या प्रोसेसरची इंटेलने ठरवून दिलेली कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या काही कंपन्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये, दोन-चार अंश अलीकडेच लगाम लावून ठेवतात. त्या मर्यादेला टेकलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणजे कमी वीज घेतो, म्हणजे कमी तापतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये वेग १.७ गिगाहर्ट्झ दिसतोय. याच प्रोसेसरचा मूळ वेग २.७ आहे आणि थोड्या वेळासाठी तो ४.५ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तुझा प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी रांगतोय. 'गेलेला' प्रोसेसर असं काही करत नाही. तो गेला असेल तर लॅपटॉप सुरूच होत नाही, किंवा स्क्रीनवर काही येत नाही. तुझा चालू आहे, स्वतःला सांभाळतो आहे, मोजमापही बरोबर देतो आहे. तेव्हा मदरबोर्डचा विषय तूर्त बाजूला ठेव.

आता २१ वॅट. प्रोसेसर जितकी वीज खातो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आमच्या टेबलावरचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि तो कथील वितळवतो. तुझा प्रोसेसर ४५ वॅटचा आहे, म्हणजे जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका नखापेक्षा थोड्या मोठ्या सिलिकॉनच्या चकतीतून सतत बाहेर काढायची असते. त्यासाठीच आत तांब्याच्या नळ्या, फॅन आणि पत्र्यांची चळत असते. ही यंत्रणा किती नीट चालते हे कळायला मी एकच भागाकार करतो. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि जे उरेल त्याला वॅटने भागायचं. म्हणजे एका वॅटमागे चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाते ते कळतं.

तू लिहिलंस की खोली ३६ अंशांवर होती. ९७ वजा ३६ म्हणजे ६१. त्याला २१ ने भाग. साधारण २.९ येतात.

तुझ्या प्रकारच्या, म्हणजे जाड, दोन फॅनच्या, ४५ वॅटच्या लॅपटॉपमध्ये हा आकडा निरोगी असताना १.१ ते १.५ च्या मध्ये कुठेतरी असतो. हा माझ्या वहीतला अनुभव आहे. गेली काही वर्षं दुरुस्तीच्या आधी आणि नंतर दोन्ही आकडे मी लिहून ठेवतो. तुझा आकडा त्याच्या दुप्पट आहे. यंत्रणा ठीक असती तर २१ वॅटवर तुझा प्रोसेसर ३६ च्या खोलीतसुद्धा ६५ च्या आसपास असायला हवा होता. म्हणजे उष्णता तयार होतेय बेताचीच, पण तिची बाहेर जायची वाट कुठेतरी तुंबलेली आहे.

हे इतकं खोलात सांगतोय, कारण तेच ९७ अंश ४५ वॅटवर दिसले असते तर माझं उत्तर पूर्ण वेगळं असतं. हिशोब करून बघ. १.३ चा आकडा धर. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ४५ वॅटवर तो प्रोसेसर ८३-८४ वर राहील. तोच लॅपटॉप, काहीही न बिघडता, मे महिन्यात अकोल्यात ४० अंशांच्या खोलीत ठेवला तर ९८-९९ होतील. खोली जितके अंश वर जाते, चिपही तितकेच अंश वर जाते. अशा लॅपटॉपमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तिथे वीज कमी करायची किंवा खोली थंड करायची, एवढेच दोन उपाय. दर उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातून मला असे प्रश्न येतात आणि निम्म्या लोकांचा लॅपटॉप ठणठणीत असतो.

एक खबरदारी. हा भागाकार सगळ्या लॅपटॉपना एकाच मापाने लावू नको. तुझ्या मैत्रिणीचा पातळ, एका फॅनचा, १५ वॅटचा लॅपटॉप असेल तर तिचा आकडा निरोगी असतानाही ३ च्या पुढे येईल. तिथे वॅटच कमी, त्यामुळे चालून जातं. आणि मोजायचं ते दहा मिनिटं सलग काम देऊन, गेम किंवा ग्राफिकचं काम बंद ठेवून. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे प्रोसेसर मुद्दाम ४५ वॅटच्या वर जातात आणि तापमान एकदम उसळतं. ते तसंच बनवलेलं आहे, त्याला बिघाड म्हणत नाहीत. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांच्या नळ्या सामाईक असतात, म्हणून ग्राफिक कार्ड तापलेलं असेल तर हिशोब चुकतो.

वाट कुठे तुंबली आहे, हे लॅपटॉप उघडायच्या आधीच बरंचसं कळतं. उष्णतेचा प्रवास असा आहे : चिपमधून पेस्टच्या थरात, पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत, तिथून चपट्या नळीतून कडेपर्यंत, कडेला पातळ पत्र्यांच्या चळतीत, आणि तिथून फॅनच्या वाऱ्याबरोबर बाहेर. त्या चळतीला आम्ही फिन म्हणतो, आणि पट्टी, नळी, फिन या सगळ्या जोडाला हीटसिंक. आता लॅपटॉपला काम दे, प्रोसेसर ९५ च्या वर जाऊ दे, आणि जिथून गरम वारा बाहेर येतो तिथे तळहात धर.

वारा कोमट आणि भरपूर येतोय, पण आत ९७ अंश? मग उष्णता फिनपर्यंत पोचतच नाहीये. पेस्ट वाळली आहे, हीटसिंक नीट बसलेला नाही, किंवा क्वचित नळीच मेली आहे. वारा चटका बसेल असा गरम पण अगदी मंद येतोय? मग फिनमध्ये धूळ बसली आहे किंवा एखादा फॅन बंद पडलाय. वारा गरमही आहे आणि जोरातही येतोय? मग यंत्रणा आपलं काम चोख करतेय, वीजच जास्त खाल्ली जातेय किंवा खोली तापलेली आहे.

दुसरी खूण म्हणजे तापमान किती पटकन चढतं. काम दिल्याबरोबर एका सेकंदात ५५ वरून ९५, आणि काम थांबवताच तितक्याच झटक्यात खाली, असं असेल तर दोष चिपच्या अगदी जवळ आहे, म्हणजे पेस्टमध्ये. पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत जाऊन मग मर्यादेला टेकत असेल तर दोष कडेला आहे, म्हणजे धूळ किंवा फॅन. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये आलेख नाही, त्यामुळे हे तुलाच बघावं लागेल. एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वॅट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमानाच्या ओळीवर दोनदा क्लिक केलंस की आलेख उघडतो.

फॅन दोन्ही फिरतायत का हे कानानेही कळतं. एक फॅन बंद असला की दुसरा जास्त ओरडतो, म्हणून 'फॅन तर जोरात चालू आहे' या समजावर राहू नको. दोन्ही बाजूंच्या झरोक्यांपाशी वारा लागतोय का ते बघ. कंपनीची स्वतःची चाचणीही असते. डेलमध्ये सुरू करताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडता येतं, एचपीमध्ये एफ२.

धुळीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आमचं गाव यंत्रमागांचं. माग चालू असलेल्या शेडला लागून जे ऑफिस असतं तिथल्या लॅपटॉपमध्ये सहा महिन्यांत कापसाचे तंतू साठतात. ते फॅनवर दिसत नाहीत. फॅनची पाती बऱ्यापैकी स्वच्छ असतात. तंतू साठतात ते फॅन आणि फिन यांच्या मधल्या फटीत, आणि तिथे त्यांचा बुरणुसासारखा दाट, एकसंध थर तयार होतो. बाहेरच्या झरोक्यातून बघितलं तर पलीकडून पत्रे चकचकीत दिसतात, म्हणून माणसाला वाटतं आत सगळं साफ आहे. एका हिशोबनिसाचा लॅपटॉप माझ्याकडे तीन ठिकाणी फिरून आला होता. दोन ठिकाणी विंडोज परत टाकलं होतं, एका ठिकाणी रॅम वाढवली होती. फॅनचं झाकण काढलं आणि चिमट्याने तो थर उचलला, तर तो चौकोनी घडीसारखा अखंड हातात आला. ९६ अंशांवरून तो ७१ वर आला. पेस्टला मी हातसुद्धा लावला नव्हता.

अकोल्यात यंत्रमागाचा कापूस नसला तरी घरातली गादीची रुई, केसांचे तंतू, उन्हाळ्यातली बारीक माती आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर एकत्र आले की तोच थर बनतो. तेलकट असेल तर तो जास्त चिवट असतो. पलंगावर लॅपटॉप ठेवून काम करायची सवय असेल तर खालचे झरोके चादरीने बंद होतातच, शिवाय चादरीचे तंतूही आत ओढले जातात.

म्हणून बाहेरून ब्लोअर मारणं हा उपाय मला मान्य नाही. बाहेरून हवा मारली की तो थर फिनपासून सुटून फॅनवर जाऊन पडतो, एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग फॅनचा वारा त्याला परत जागेवर नेऊन बसवतो. वर जोराच्या हवेने फॅन त्याच्या क्षमतेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग खराब होऊन खरखर सुरू होते. मागचं झाकण काढायलाच हवं, फॅन सोडवायला हवा, आणि हवा मारताना पात्यात टूथपिक अडकवून फॅन धरून ठेवायला हवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नको. त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते आणि ती बोर्डाला बाधू शकते.

स्वतः उघडणार असशील तर थोडं सांगतो. तू इंजिनिअरिंगची आहेस, हात स्थिर असेल तर जमेल. पूर्ण शटडाऊन कर, चार्जर काढ. एका कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढ आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लाव, कारण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो वर कीबोर्डला किंवा टचपॅडला टोचतो. झाकण निघालं की सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडव आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर. हे केल्याशिवाय आत काहीही करायचं नाही. मग बॅटरीकडे नीट बघ. ती जराही फुगलेली, उशीसारखी वाटली तर तिथेच थांब, तिला टोचू किंवा दाबू नको, बदलून घे. सतत तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी फुगणं ही मला प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त काळजीची गोष्ट वाटते. बाहेरूनही खूण दिसते. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाहीये, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाहीये.

हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू एकदम घट्ट न करता सगळे थोडे थोडे आवळत जायचं. कोरड्या पेस्टमुळे हीटसिंक चिकटून बसला असेल तर उचकटू नको. आधी पाच मिनिटं लॅपटॉप चालवून कोमट करून घेतलास तर तो हलकेच फिरवून सुटतो. जुनी पेस्ट पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. चष्मा पुसायचं कापड चांगलं, कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू मागे राहतात.

नवी पेस्ट कोणती, यावर लोक तासन्‌तास भांडतात. पेस्टचं काम फक्त चिप आणि तांबं यांच्या मधल्या सूक्ष्म खाचखळग्यांतली हवा हाकलायची, कारण हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. कुठलीही नावाजलेली पेस्ट ते करते. लॅपटॉपचा खरा प्रश्न वेगळा आहे. इथे चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. गरम-थंड, गरम-थंड होताना चिप आणि तांबं किंचित हलतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते. वर्षभरात मध्यभाग कोरडा पडतो. म्हणून मी लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट पसंत करतो, आणि अलीकडे हनीवेलची पीटीएम ७९५० नावाची पातळ चकती. ती खोलीच्या तापमानाला घन असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होते आणि चिपवर पसरते. कडांकडे पळत नाही. मिळाली तर तीच घे, पण नकली खूप विकतात, तेव्हा ओळखीच्या विक्रेत्याकडूनच. पेस्ट वापरलीस तर मुगाएवढी घेऊन प्लास्टिकच्या पत्त्याने संपूर्ण चिपवर पातळ पसरव. उघड्या चिपचा एकही कोपरा कोरडा राहता कामा नये.

लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू, त्याच्या वाटेला जाऊ नको. काही कंपन्या कारखान्यातच ते वापरतात हे खरं, पण ते वीजवाहक आहे आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. एक थेंब बाजूला ओघळला तर तुझ्या दुकानदाराचे १८ हजार खरे ठरतील. टूथपेस्ट लावून तापमान कमी झाल्याचे व्हिडिओ फिरतात. कमी होतंही, पाणी सुकेपर्यंत.

आता थर्मल पॅड. प्रोसेसरच्या बाजूला मेमरीच्या आणि वीजपुरवठ्याच्या छोट्या चिपांवर मऊ, करड्या किंवा निळसर पट्ट्या असतात. त्या फाटल्या नसतील तर जशाच्या तशा ठेव. बदलायच्याच असतील तर जाडी तंतोतंत तीच हवी. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका लॅपटॉपमध्ये १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचे पॅड लावले. हातात तेवढेच होते आणि 'जाड म्हणजे चांगलं' असं मला वाटलं. अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक वर उचलला गेला आणि प्रोसेसरला टेकलाच नाही. विंडोज उघडेपर्यंत १०० अंश. ग्राहकाला दोन दिवस थांबवून ठेवावं लागलं आणि चूक माझी आहे हे त्यांना सांगावं लागलं. पेस्ट बदलल्यावर तापमान वाढलं अशी तक्रार जेव्हा जेव्हा येते, तेव्हा मी सगळ्यात आधी पॅडची जाडी बघतो.

हीटसिंक हातात असतानाच नळीची परीक्षा करून घे. या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी कमी दाबाखाली बंद केलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला ती परत पाणी होते, आणि आतला सच्छिद्र थर ते पाणी परत ओढून नेतो. नळी वाकली किंवा चेपली आणि बारीकशी चीर पडली तर हा खेळ संपतो. ओळखायला सोपं आहे : नळीचा चिपकडचा भाग कपातल्या गरम पाण्यात धर, पण फॅन जोडलेला असेल तर आधी वेगळा कर. फिनकडचं टोक काही सेकंदांत गरम लागलं पाहिजे. मिनिटभरानेही गारच असेल तर पेस्ट कितीही भारी लावलीस तरी उपयोग नाही, हीटसिंक नवाच आणावा लागेल. हे फार क्वचित होतं. वर्षाला मला असे दोन-तीनच दिसतात. परत बसवण्याआधी सगळं पूर्ण कोरडं कर.

कूलरचं मात्र ऐक, कारण तू लिहिलंस की लॅपटॉप कूलरसमोर ठेवून बसतेस. कूलरने खोली थंड होते आणि वरच्या हिशोबाप्रमाणे प्रोसेसरही तितकाच थंड होतो, त्यामुळे कूलर जरूर चालू ठेव. पण थेट झोतात लॅपटॉप नको. कूलरच्या वाऱ्यात पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार असतात. अकोल्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि बोअरचं पाणी कूलरला घातलं तर त्या तुषारांबरोबर क्षारही आत जातात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. फिनवर पांढरट खरपुडी आणि फॅनच्या धाग्यासारख्या तारांवर हिरवट गंज मी अकोला-बुलढाण्याहून आलेल्या लॅपटॉपमध्ये पाहिला आहे. आठ-दहा फूट लांब, झोताच्या एका बाजूला बस. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेचाही असाच त्रास होतो, पण तिथे तो सावकाश होतो.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तुझी वाट आतून तुंबलेली असताना खालून वारा घालून तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक पडणार नाही. तेवढाच फरक लॅपटॉपच्या मागच्या दोन पायांखाली बाटलीची झाकणं ठेवून दोन सेंटीमीटर उचलल्यानेही पडतो, कारण हवा आत यायला जागा मिळते. आधी तेच कर.

साफसफाई झाल्यावरही मे महिन्यात तुला थोडी वीज कमी करावी लागेल. त्यासाठी फुकटचा आणि सुरक्षित उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ कर. एक टक्का कमी केल्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ ला टर्बो, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवायची सोय, बंद होतो आणि प्रोसेसर २.७ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. तापमान माझ्या अनुभवात १५ ते २० अंशांनी उतरतं. अँड्रॉइडचा बिल्ड थोडा जास्त वेळ घेईल, पण आत्ता तू १.७ वर काम करते आहेस, त्यापेक्षा ते नक्कीच वेगवान असेल. थंडीत परत १०० कर. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधला शांत किंवा बॅलन्स्ड मोड वापर.

अंडरव्होल्टिंगचं, म्हणजे प्रोसेसरला थोडं कमी व्होल्टेज देण्याचं, नाव तू कुठेतरी ऐकलं असशील. उपाय चांगला होता. पण २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, व्होल्टेज कमी-जास्त करून प्रोसेसरमधली गुपितं काढता येतात हे संशोधकांनी दाखवलं, आणि त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी बायोसमध्ये ती सोय कुलूपबंद केली. तुझ्या लॅपटॉपमध्ये ती बंद असण्याचीच शक्यता जास्त. ते कुलूप तोडायच्या युक्त्या सांगणारे आहेत, पण परीक्षेच्या तोंडावर बायोसशी खेळू नको.

आपोआप बंद पडण्याबद्दल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुला कर्नल-पॉवर ४१ दिसलं आणि तू घाबरलीस. त्याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट शटडाऊन न होता बंद झाला. का झाला ते तो आकडा सांगत नाही. तापून बंद पडणं शक्य आहे, पण चार वर्षांची बॅटरी एकदम कोसळली, किंवा चार्जरची पिन सैल आहे, तरीही हेच दिसतं. चार्जर मूळचाच आहे ना? कमी वॅटचा दुसरा चार्जर लावला तर काही लॅपटॉप स्वतःचा वेग ८०० मेगाहर्ट्झच्याही खाली नेतात आणि लोक त्यालाच तापल्याचं लक्षण समजतात. तुझ्या बाबतीत तापमान खरंच ९७ आहे, तेव्हा ते दुय्यम, पण तपासून घे.

स्वतः उघडायची हिंमत होत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा आणि एवढंच म्हण : आतून साफ करून पेस्ट बदलून हवी आहे, हीटसिंक काढल्यावर चिपचा आणि फिनचा फोटो पाठवा, पॅड बदलणार असाल तर जाडी सांगा. जो कारागीर फोटो पाठवायला तयार होतो त्याच्याकडे लॅपटॉप द्यायला हरकत नाही. मी या कामाचे ८०० रुपये घेतो, वर लागला तर फॅनचा खर्च. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, पण १८ हजारांच्या जवळपासही जाणार नाही. बाबांनाही सांग, ९७ अंशांचा लॅपटॉप विकायला गेलात तर घेणारा भंगाराचाच भाव देईल. विकायचाच ठरला तरी आधी दुरुस्त करून विका.

काम झालं की दहा मिनिटं सलग चालवून तीन आकडे मला पाठव : खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि वॅट. भागाकार दीडच्या खाली आला तर निर्धास्तपणे प्रोजेक्ट पूर्ण कर. दोनच्या वर राहिला तर हीटसिंक नीट टेकलेला नाही, पॅडच्या जागेचा फोटो पाठव, मी बघतो.